बाईंनी मांडी घातली

माझ्या थोरल्या बहिणीला सगळे ब्रेकबाई म्हणतात. अर्थात माघारी. तोंडावर नुसतं बाई. तिची गाडी चालवायला शिकवायची शाळा आहे. आमच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी असतो तसाच आणखी एक ब्रेक आणि आणखी एक क्लच शेजारच्या सीटपुढेही बसवलेला आहे. त्या शेजारच्या सीटवर ताईचं आयुष्य गेलं. बसून बसून तिच्या उजव्या पायाला स्वतःची अक्कल फुटली आहे. समोर काही आडवं आलं की पाय आधी दाबतो, ताईला मागाहून कळतं. शिकवणाऱ्याचं असंच असावं, पण घरी आल्यावर चपलेबरोबर पाय काढून ठेवता येत नाही ना. बसमध्ये बसली तरी दाबते. सिनेमात पडद्यावरची गाडी वळणावर आली की पुढच्या खुर्चीला लाथ बसते आणि त्यातला माणूस वळून बघतो. एकदा तिने लिफ्टमध्ये पाय दाबला आणि नेमकी तेव्हाच लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली. तेव्हापासून तर बोलायची सोयच उरली नाही.

शाळेचा नियम एकच. आधी ब्रेक, मग बोलणं. शिकणारा चुकला तर ताई ओरडत नाही, सूचना देत नाही. गाडी थांबवते, मग शांतपणे त्याची सालं काढते.

आणि एक रीत आहे. शिकणारा खरोखर तयार झाला असं वाटलं की ताई चालत्या गाडीत चपला सोडते, दोन्ही पाय वर घेते आणि सीटवर मांडी घालून बसते. पट्टा लावलेलाच असतो, तोंड बंद असतं. बस्स. म्हणजे आता ब्रेकपाशी कुणी नाही, तुझं तू बघ. मी ऑफिसात फोनवर बसते, तर चांगली पोक्त माणसं, बँकेतले साहेब, दोन-दोन नातवंडांच्या आज्या, "मावशी, बाईंनी मांडी घातली!" असं ओरडत दारातून आत येतात. पुढची सरकारी परीक्षा म्हणजे मग नुसता उपचार.

आमच्या सुनेसाठी मात्र शिकवताना ताईने कधी मांडी घातली नाही. तिला लायसन्स मिळालं, नवरा मिळाला, घर मिळालं, मांडी तेवढी मिळाली नाही. गोष्ट तिचीच आहे.

ती आमच्याकडे शिकायला आली तेव्हा दातांच्या लॅबमध्ये काम करायची. अजूनही करते. कवळ्या बनवते. मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचा, घासायचा, पुन्हा बसवायचा. हात असा स्थिर की बघत राहावं. पण पाय क्लचवर ठेवला रे ठेवला की गाडीला हुडहुडी भरायची. अर्धा क्लच तिला साधेना. गाडी थरथरायची, ती घाबरून ब्रेक दाबायची आणि गाडी बंद. पुन्हा चालू, पुन्हा थरथर, पुन्हा बंद. मागच्या गाड्यांचे भोंगे ऐकून ऐकून ताईसुद्धा टेकीला आली होती.

अशातच एका सिग्नलला, लाल दिव्यावर, पोरगी समोर बघत म्हणाली, "बाई, एक सांगून ठेवते. मी रोज एक गोळी घेते. मनाच्या आजाराची. उदासीची."

"गुंगी येते?"

"नाही. डॉक्टरांना विचारलंय, गाडी चालवायला चालते. मधे एकदा माझी मीच बंद केली होती. बरं वाटत होतं म्हणून. मग कितीतरी महिने मी अंथरुणातून उठले नाही, बाई. केस विंचरायला आई यायची. म्हणून आता घेते."

"चष्मा आहे?"

"नाही."

"मला आहे. काढला तर समोरचा बैल की बस कळत नाही. म्हणजे तुझ्यापेक्षा माझंच अवघड आहे. दिवा हिरवा झाला, निघ."

गाडी अर्थातच बंद पडली. पण ताईने घरी येऊन मला सांगितलं, "पोरगी सरळ आहे. लाल दिव्यावर खरं बोलते." हे तिच्या मुलाने ऐकलं. ताईचा मुलगा, माझा भाचा, आमच्या शाळेत नियमांचा वर्ग घेतो. रस्त्यावरच्या पाट्या शिकवून शिकवून तो बोलतोही पाटीसारखाच, म्हणून घरात त्याला आम्ही पाटीच म्हणतो. त्याने त्या दिवसापासून वर्गात कुणाकडे टक लावून बघायला सुरुवात केली ते सांगायला नको. लग्न झालं. लग्नानंतरही तिच्या तोंडातून 'बाई' जाईना. शेवटी तडजोड झाली. घरात आई, गाडीत बाई.

दिवस राहिले तेव्हा आम्ही सगळे एकदम डॉक्टरांकडे गेलो. खोलीत खुर्च्या दोन, माणसं चार. मनाची डॉक्टर आणि बाळंतपणाची डॉक्टर, दोघींनी आपापसात बोलून ठरवलेलं होतं आणि सुनेनेही बरंच विचारून घेतलं होतं. गोळी चालू ठेवायची. बंद केली आणि आजार उलटला तर आईचे हाल, आणि आईचे हाल म्हणजे बाळाचेही. चालू ठेवली तर काय, तेही मनाच्या डॉक्टरांनी लपवलं नाही. "काही बाळं जन्मल्यावर थोडे दिवस थरथरतात. किरकिर जास्त करतात, नीट पीत नाहीत, झोप मोडते. सगळीच नाही, काही. दवाखान्यात नजर ठेवू. बहुतेकांचं काही दिवसांत ओसरतं, फार तर दोनेक आठवडे. क्वचित कुणाला श्वासाचा त्रास होतो, म्हणून तर बाळंतपण इथेच करायचं, सगळी सोय असते."

"समजलं," ताई म्हणाली.

"पुढे वळण आहे," पाटी म्हणाला. "वेग कमी ठेवा."

डॉक्टर हसल्या. आम्हीही हसलो. ताईचा पाय टेबलाखाली दाबलेला होता, पण तो काय, नेहमीच असतो.

मुलगी झाली. दुपारच्या उन्हात, धडधाकट, डोकंभर केस घेऊन. रडली ती अशी की बाहेर बाकावर पाटी उठून उभाच राहिला, जणू मागून मोठी गाडी आली. सुनेने पहिल्यांदा काय केलं असेल? पोरीच्या तोंडात बघितलं. बोटाने ओठ हळूच खाली करून गुलाबी हिरड्या बघितल्या आणि म्हणाली, "मावशी, इतकी वर्षं लोकांची तोंडं बघतेय. दात नसून काहीच कमी नाही असं तोंड आज पहिल्यांदा बघितलं."

ताई रडत होती आणि कुणीतरी पेढे, साखर, काहीतरी गोड आणा म्हणून ओरडत होती. तेवढ्यात बाळांकडे बघणारी सिस्टर आत आली आणि म्हणाली... काय म्हणाली ते कुणालाच ऐकू आलं नाही. ही बाई कुजबुजूनच बोलायची. बाळांच्या खोलीत वावरून तिचा आवाज कायमचा बसका होऊन गेला होता. आम्ही तिचं नाव कुजबुज ठेवलं. गंमत म्हणजे तिच्यासमोर आपणही आपोआप कुजबुजतो. मला त्या दिवशी ऑफिसचा फोन आला तर पलीकडचा शिकाऊ विचारतो, "मावशी, तुम्ही लपून बसलाय का?"

पहिला दिवस असा हसण्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीची हनुवटी थरथरायला लागली.

आधी हनुवटी, मग हात. दुपट्यातून हात बाहेर आला की बोटं अशी हलायची, जणू कुणी दोरी धरून हलवतंय. रडणंही बदललं, बारीक, टोकदार. शिंकांवर शिंका. छातीशी धरलं की तोंड लावायची, दोनदा चोखायची आणि सोडून पुन्हा रडायची. बाळांच्या डॉक्टरांनी तपासलं. उंच, पांढऱ्या केसांचे, आणि त्यांचा एक बूट चालताना चिक् असा वाजायचा. टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर बघितली, साखर ठीक. श्वास ठीक. ते म्हणाले, "आपण म्हणत होतो तेच दिसतंय. बघू या. दिवा मंद ठेवा, गर्दी नको, अंगाशी धरा, थोडं थोडं पाजा."

गर्दी नको म्हटल्यावर पाटीने खोलीच्या दारावर कागद चिकटवला. त्यावर भोंग्याचं चित्र आणि त्यावर लाल तिरपी रेघ. भोंगा वाजवू नये. कुजबुजने तो बघितला, मान डोलावली आणि हळूच शेजारच्या खोलीसाठीही एक मागितला.

पण सून हसली नाही. पोर छातीशी धरून बसली होती. मी शेजारी टेकले तर म्हणाली, "मावशी, कवळी नीट बसली नाही तर मी परत साच्यात घालते. हिला कशात घालू?"

"हिला कशाला घालायचंय साच्यात? डॉक्टर म्हणाले ना..."

"म्हणाले. तेव्हा मीही मान हलवली होती. तेव्हा हिला हनुवटी नव्हती."



ताई खिडकीपाशी उभी होती. तिने ऐकलं. ती काही बोलली नाही, आणि माझ्या बहिणीने न बोलणं हे चांगलं लक्षण नव्हे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढच्या सकाळी चहा आला. सुनेचा क्रम ठरलेला: चहा, बिस्कीट, गोळी. गोळ्यांची पट्टी ती टूथब्रशच्या पेल्यात ठेवते, दात घासले की समोर दिसावी म्हणून. तिने पेला उचलला. ब्रश होता, कंगवा होता, पट्टी नव्हती. उशीखाली बघितलं. पिशवीत बघितलं. पाटी खाटेखाली वाकून बघून आला. कुठे नाही.

"खाली औषधाच्या दुकानातून आणतो दुसरी," पाटी म्हणाला.

"थांब," सून म्हणाली. पाळण्याकडे बघत होती. पोर नुकतीच थकून झोपली होती, आणि झोपेतही तिची हनुवटी हलत होती. "राहू दे. हरवली ते बरंच झालं. सकाळपासून माझ्या मनात तेच चाललं होतं. दुधातून आणखी कशाला द्यायचं हिला? मी काढीन कसेबसे दिवस."

कसेबसे हा शब्द तिने असा सहज उच्चारला, जणू चहात साखर थोडी कमी चालेल. केस विंचरायला आई यायची, हे ताईने मला सांगितलं होतं. आता त्या केसांशेजारी पाळणा होता.

मी ताईकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती, बाहेर भिंत होती, आणि तिच्या उजव्या पायाची टाच उचललेली, चवडा फरशीवर असा दाबलेला की बोटं पांढरी पडलेली.

माझ्या डोक्यात चक्क प्रकाश पडला. पण मी तोंड उघडणार तोच पोर जागी झाली आणि तिने तो टोकदार सूर लावला, आणि कुजबुज आत आली.

कुजबुजने कुणाला काही विचारलं नाही. पोर उचलली, दुपट्यात गुंडाळली, दोन्ही हात छातीशी दुमडले आणि सरळ ताईच्या हातात दिली. "आजी, तुम्ही धरा. आईला चहा पिऊ दे."

"मी? अगं, ही थरथरतेय."

"म्हणून तर धरा. हात बाहेर काढा तिचा. हं. आता तुमची मूठ त्याच्यावर ठेवा. दाबू नका. नुसती ठेवा."

ताईने आपला तो गिअरचा दांडा धरून घट्टे पडलेला हात पोरीच्या एवढ्याशा हातावर ठेवला.

"थांबला," ताई कुजबुजली.

"थांबतो. धरला की थांबतो, म्हणजे ही नुसती थरथर. झटका असता तर धरून थांबला नसता, मग मी धावत डॉक्टरांना आणलं असतं. हे धरल्यावर शांत होतंय, बघताय ना? आईच्या पोटात तिला नाळेतून औषध मिळत होतं. आता नाळ नाही. अंगाला नव्याने जमवून घ्यायचंय सगळं. दोन्हीच्या मधे आहे ती."

"मधे," ताई म्हणाली.

"मधे. जमवतेय."

ताई पोरीकडे बघत राहिली. हात जरा सैल केला, थरथर आली, ठेवला, गेली. पुन्हा सैल केला. मी तिला इतकी वर्षं ओळखते, तिचा चेहरा असा बदलताना मी फक्त गाडीत बघितलाय, बिघाड सापडल्यावर.

"अगं, हा अर्धा क्लच आहे!" ती मोठ्याने म्हणाली. कुजबुजने ओठांवर बोट ठेवलं. ताई खालच्या आवाजात पण तितक्याच जोरात बोलत सुटली. "इकडे ना तिकडे. उभी गाडी सुटायच्या आधी कशी अंग हलवते! बिघडलेली नसते ती. निघायचं असतं तिला. लोक उगाच घाबरतात. किती जणांना सांगितलं असेल मी, घाबरू नका, पाय हळू सोडा, तिला सुटू दे. आणि लोक काय करतात?"

"अर्ध्या क्लचवर घाबरून ब्रेक दाबू नये," पाटी म्हणाला. त्याने मुद्दाम नाही म्हटलं. आमच्या वर्गातल्या भिंतीवर ते वाक्य रंगवलेलं आहे, ताईचंच, आणि त्याला सवय आहे. "गाडी बंद पडते."



ताईने मान खाली घातली. सुनेने आधी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग हळूहळू नजर खाली नेत तिच्या उजव्या पायाकडे. तीही आमच्याच गाडीत शिकली आहे.

"बाई," ती म्हणाली. घरात आई, गाडीत बाई. "बाई, माझा ब्रेक दाबलात तुम्ही?"

"दाबला."

"आधी ब्रेक, मग बोलणं. बोला आता."

मी सुनेला कधी चिडलेली बघितली नव्हती. ती आवाज चढवत नव्हती, कुजबुजच्या धाकाने; पण कप तिने बशीत खट्कन ठेवला.

"काल तू साच्याचं बोललीस," ताई म्हणाली. "मला बघवलं नाही. वाटलं थोडे दिवस गोळी थांबवू, पोर थरथरायची थांबेल, तुझं ओझं उतरेल. मग सांगू सावकाश."

"म्हणजे तुम्हालाही तेच वाटतं. की माझ्यामुळे झालं."

ताईला खोटं बोलता येत नाही. गाडी शिकवणाऱ्याला ते परवडतच नाही. "काल दिवसभर वाटलं," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? गोळीमुळे हिचे हात हलतात हे तर डॉक्टरच म्हणतात. पण आत्ता हिला धरून वाटतंय की ते अर्धंच झालं. ती गोळी घेऊन तू रोज उठलीस. जेवलीस. लॅबमध्ये गेलीस, पोटाला टेबल लागायला लागलं तरी. हे सगळं बाळ त्या उठणाऱ्या बाईच्या पोटात वाढलंय. दुसरी, न उठणारी बाई मी बघितलेली नाही, तू सिग्नलला सांगितलंस तेवढीच मला माहीत. आणि तिच्याकडे तुला परत पाठवायला निघाले होते मी. घाबरून. न विचारता."

"विचारायचं होतं."

"विचारायचं होतं."

"गाडी कुणाची आहे, बाई?"

"तुझी."

चिक्, चिक्. बाळांचे डॉक्टर दारावरचा भोंगा बघत आत आले आणि आमचे चेहरे बघून थबकले. सुनेने त्यांना सरळच विचारलं. गोळी आज अजून घेतलेली नाही. दूध पाजतेय. घेऊ की नको? आणि खरं सांगा.

"घ्या," ते म्हणाले. "तुमच्या या गोळीचं दुधात फार थोडं उतरतं. ती बंद करून बाळाची थरथर लवकर जाणार नाही, ती तिच्या वेळेने जाईल. तुमच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय काही बंद करू नका. बाळाला सध्या तीन गोष्टी लागतात. ऊब, दूध आणि आई. पहिल्या दोन मी दुसरीकडून आणू शकतो." मग ताईकडे वळून, "आजींनी छान धरलंय. गाडी चालवता का?"

"शिकवते," ताई म्हणाली, एरवी ज्या तोऱ्यात म्हणते त्याच्या चौथाईने.

डॉक्टर चिक्-चिक् करत गेले. सुनेने हात पुढे केला. तळवा वर. ताईने पोर माझ्याकडे दिली आणि आपली ती काळी बॅग उघडली. त्या बॅगेत काय नाही विचारा. एक स्क्रूड्रायव्हर निघाला, काच पुसायचं फडकं, सुतळीचा गुंडा, अर्धं खाल्लेलं चॉकलेट, 'शिकाऊ' लिहिलेली लाल पाटी, चष्म्याचं जुनं घर, आणि तळातून गोळ्यांची पट्टी. ताईने ती फडक्याने पुसायला घेतली.

"त्या फडक्याने नको!" आम्ही तिघे एकदम कुजबुजलो.

"चहा गार झालाय," ताई म्हणाली. "दुसरा आणते."

"आधी गोळी," सून म्हणाली. तिने ती गार चहाबरोबर गिळली, पट्टी नाकाशी नेली आणि तोंड वेडंवाकडं केलं. "आई, याला तुमच्या बॅगेचा वास लागलाय. पेट्रोलचा."

आई म्हणाली. ताईने ते ऐकलं आणि नाक पुसायला नेमकं तेच फडकं घेतलं. नाकाला काळा पट्टा. पहिली हसली कुजबुज, आवाज न करता, खांदे हलवत, आणि मग सून. पोट धरून हसली, टाके दुखतात म्हणत हसली. माझ्या हातातली थरथरणारी पोर त्या हसण्याने दचकली, आणि मग काय वाटलं कोण जाणे, गप्प होऊन आईच्या दिशेला डोळे करून पडली.

ती लाल पाटी पाटीने पाळण्याला अडकवली. शिकाऊ. कुजबुजने येऊन ती उलटी केली, लाल रंग बाळाकडे नको म्हणून. पण काढली नाही.

पुढचे काही दिवस शिकाऊच होते. थोडं पाजायचं, अंगाशी धरायचं, पुन्हा थोडं पाजायचं. पाटीने सदरा काढून पोर छातीवर घेतली तेव्हा त्याच्या तोंडून इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाटीसारखं नाही असं वाक्य निघालं. पण ते त्याच्या बायकोसाठी होतं, मी बाहेर गेले. सून मधेच रडायचीही. मनाची डॉक्टर वर येऊन तिच्याजवळ बसून गेली, आणि सांगून गेली की बाळंतिणीचं रडू आणि आजाराचं रडू यातला फरक ओळखायला मी येत राहीन, तुम्ही हिला जेवू घाला आणि झोपू द्या. ते आम्हाला येत होतं.

आणि मग एका सकाळी सून अंघोळीहून आली, पोरीला घेतलं, पोरीने तोंड लावलं आणि पीतच राहिली. चोख, चोख, गिळलं. चोख, चोख, गिळलं. शेवटी पोर सुटली, तोंडाच्या कोपऱ्यातून दुधाचा ओघळ, आणि हनुवटी तशीच्या तशी, स्थिर. सुनेने तिच्याकडे लॅबमधल्या नजरेने कितीतरी वेळ बघितलं.

"बसली," ती म्हणाली.

घरी आलो. शिकाऊची पाटी घरच्या पाळण्याला लागली. हात अजून मधूनच हलायचे, शिंका यायच्या, मग त्याही विरळ होत गेल्या. रोज सकाळी चहाच्या वेळी सुनेचा टूथब्रशचा पेला टेबलावर येतो, पट्टीतून टप् करून गोळी निघते. ताई त्या वेळी पेपर वाचते. टेबलाखाली मी बघून घेतलंय, पाय नुसता ठेवलेला असतो.

डॉक्टरांनी पोरीला तपासायला बोलावलं तो दिवस. सुनेला आता गाडी चालवायला परवानगी मिळाली होती आणि तिने आदल्या दिवशीच जाहीर केलं होतं, मी नेणार. घरची गाडी नेमकी धुवायला दिलेली, म्हणून शाळेची काढली. मागच्या सीटवर बाळाची ती नवी खुर्ची बांधायची होती. गाडी शिकवणाऱ्या घरात तीन माणसं, आणि खुर्चीचा पट्टा कुठून कुठे जातो ते कुणालाच उमगेना. पाटी सूचनापत्रक मोठ्याने वाचत होता, ताई पट्टा ओढत होती, शेवटी सुनेने दोघांना बाजूला केलं आणि दोन बोटांत खट्कन बसवली. मी मागे पोरीपाशी बसले. पाटीचा वर्ग होता, तो फाटकात उभा राहून हात दाखवत होता, डावीकडे वळा.

ताई पुढे बसली. शेजारच्या सीटवर. तिच्या समोर तिचा ब्रेक, तिचा क्लच.

"बाई, आरसा," सून म्हणाली. "म्हणजे, मी बघितला. तुम्ही सांगायच्या आधी सांगितलं."

"मी कुठे काही बोलले?"

गाडी सुटली. गल्लीतून मोठ्या रस्त्याला. चढावर सिग्नल लागला, लाल, मागे गाड्यांची रांग. तिने गोळीचं सांगितलं ती हीच जागा असावी, किंवा अशीच एखादी. दिवा हिरवा झाला. सुनेने क्लच सोडायला घेतला आणि गाडी थरथरली. चढ होता. मागून कुणीतरी भोंगा दिला. मी पोरीचा हात धरला आणि सवयीने ताईच्या पायाकडे बघितलं.

ताईने चपला सोडल्या. डावा पाय वर घेतला. मग उजवा, जरा कण्हत, गुडघा धरून. तोही घेतला वर. पदर सारखा केला आणि सीटवर मांडी घालून बसली, समोर बघत, तोंड बंद.

सुनेने डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. हसू आलं तिला, ते हसू खांद्यांत गेलं, खांद्यांतून हातात, आणि थरथरणारी गाडी आणखी थरथरली. पाय मात्र सावकाश, सावकाश सुटला. गाडीने एक हेलकावा खाल्ला आणि चढ चढायला लागली.

"मावशी!" ती ओरडली, आरशात माझ्याकडे बघत. "मावशी, बघितलंत?"

"बघितलं गं. रस्त्यावर बघ."

शेजारी पोर जागी होती. दोन्ही पाय दुपट्यातून बाहेर काढून हवेत लाथा मारत होती. उजवा जरा जास्तच जोरात. मी ते कुणाला सांगितलं नाही. ताईला मांडी मोडायला निमित्तच हवं असतं.